मदतपुस्तकाचं फॉरमॅट बदलताना पायऱ्या विस्कटतात: या चुका टाळा

नोव्हेंबरचे दिवस होते. आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागली होती आणि एका अडत दुकानातून फोन आला. "भाऊ, तुमच्या पुस्तकातली सातवी पायरी केली न, मागची सगळी शिल्लक झिरो झाली. आता शेतकऱ्याले पट्टी कशी देऊ?"

बिलिंग सॉफ्टवेअरचं ते मदतपुस्तक मी लिहिलेलं होतं. वर्डच्या मूळ फाइलमध्ये सहावी पायरी होती, 'नवीन आर्थिक वर्ष सुरू करत असाल तर', आणि तिच्या पोटात एक उपपायरी होती, 'मागील शिल्लक शून्य करा'. वेबसाठी फाइल मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात खुणा टाकून लिहायच्या फॉरमॅटमध्ये, नेताना ती उपपायरी बाहेर आली आणि सरळ सातवी पायरी होऊन बसली. एकही शब्द बदलला नव्हता. पण अट फक्त इंडेंटवर, म्हणजे ओळ आत सरकवण्यावर, उभी होती. इंडेंट गेला, तशी अटही गेली. बॅकअप होता म्हणून संध्याकाळपर्यंत हिशेब जागेवर आला. त्या दिवसानंतर यादीच्या फॉरमॅटिंगला मी कधीही सजावट समजलो नाही. कोणती पायरी आधी, कोणती कोणाच्या पोटात, हा सूचनेचाच भाग आहे.

हाताने टाकलेले आकडे

सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं. '१', मग टिंब, मग टॅब मारून पायरी लिहायची. कागदावर छान दिसतं, पण वर्डच्या दृष्टीने ती यादी नसून आकड्याने सुरू होणारा साधा परिच्छेद असतो.

ओळखायचं कसं? आकड्यावर क्लिक करा. कर्सर आकड्याच्या आत जाऊन बसला, तर तो हाताने टाइप केलेला आहे. कर्सर आत शिरत नसेल आणि त्या यादीतले आकडे एकदम करडे होत असतील, तर नंबरिंग खरं आहे.

यामागची रचना एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जातं. वर्डची डॉक्स (.docx) फाइल म्हणजे खरं तर झिप फाइल. तिच्या आत नंबरिंगची वेगळी फाइल असते आणि प्रत्येक परिच्छेदाजवळ एवढीच नोंद असते की मी अमुक यादीतला, तमुक पातळीवरचा. अशा नऊ पातळ्या असतात. वेब पानांच्या भाषेत, एचटीएमएलमध्ये, मात्र उपयादी ही वरच्या पायरीच्या आत, डब्यात डबा ठेवावा तशी बसते. कन्व्हर्टर, म्हणजे फॉरमॅट बदलणारं साधन, त्या सपाट नोंदींवरून हे डबे रचतो. जिथे नोंदच नाही, तिथे तो काय रचणार? म्हणून टॅब आणि स्पेस मारून आत सरकवलेली ओळ त्याला आतली वाटत नाही.

पँडॉक हा कन्व्हर्टर वापरत असाल तर मार्कडाउनमध्ये एक खूण सापडते. हाताने टाकलेल्या इंग्रजी आकड्यानंतरच्या टिंबाआधी तो उलटी तिरकी रेघ घालतो. त्या रेघा दिसल्या की मार्कडाउन दुरुस्त करत बसू नका. मूळ वर्ड फाइलमध्ये जाऊन खरं नंबरिंग लावा आणि पुन्हा कन्व्हर्ट करा.

मधला स्क्रीनशॉट आणि दहावी पायरी

पायरीखाली स्क्रीनशॉट किंवा 'टीप' टाकताना आपण एंटर मारतो, नवा आकडा आला की बॅकस्पेसने पुसतो. ओळ इंडेंटमुळे पायरीखालीच दिसते, पण ती यादीतून बाहेर पडलेली असते. कन्व्हर्ट केल्यावर यादी तिथेच तुटू शकते. त्याऐवजी शिफ्ट-एंटर मारा. परिच्छेद तोच राहतो, चित्रही त्याच पायरीत राहतं.

मार्कडाउनमध्ये याच दुखण्याचा वेगळा प्रकार भेटतो, आणि तो शोधण्यात माझे दोन दिवस गेले होते. कॉमनमार्क म्हणजे मार्कडाउनची प्रमाण नियमावली. तिच्याप्रमाणे पायरीच्या पोटातला मजकूर त्या पायरीचं पहिलं अक्षर जिथे सुरू होतं, निदान तिथपर्यंत आत हवा. एक आकडा, टिंब आणि स्पेस मिळून तीन जागा होतात. त्यामुळे तीन स्पेस दिलेला स्क्रीनशॉट पहिल्या पायरीपासून नवव्यापर्यंत नीट बसतो. दहाव्या पायरीला आकडेच दोन, म्हणजे जागा चार. तिथे तीन स्पेस कमी पडतात, चित्र बाहेर येतं आणि यादी मोडते. सगळ्या पायऱ्यांना एकच आकडा लिहून नंबरिंग आपोआप होऊ देण्याची सवय असेल, तर तीन स्पेस दहाव्या पायरीलाही पुरतात. पण एखादं चित्र इंडेंटशिवाय मध्ये आलं की त्यानंतरची पायरी पुन्हा १ पासून सुरू होते. नऊ पायऱ्यांपर्यंत सगळं ठीक चाललेलं असल्यामुळे दोष कुठे आहे हे चटकन लक्षात येत नाही.

त्यात प्रत्येक साधनाचं गणित वेगळं. एमकेडॉक्स हे मार्कडाउनवरून मदतीची वेबसाइट बनवणारं साधन. त्याच्या मागे असलेलं पायथन-मार्कडाउन चार स्पेसची जुनी पद्धत पाळतं. कॉमनमार्क पाळणाऱ्या गिटहब साइटवर दोन-तीन स्पेसमध्ये व्यवस्थित दिसणारी उपयादी तिथे सपाट होते. माझा नियम सरळ आहे: प्रत्येक पातळीला चार स्पेस, टॅब नाही. दोन्हीकडे चालतं. बुलेटसाठीही एकच चिन्ह धरा. मध्येच डॅशऐवजी तारा टाकला, तर कॉमनमार्क तिथून नवी यादी सुरू करतो.

देवनागरी आकडे

मराठी मदतपुस्तकात पायऱ्या १, २, ३ आणि उपपायऱ्या क, ख, ग अशाच हव्यात, यावर माझं दुमत नाही. काउंटरवरच्या माणसाला तेच जवळचे वाटतात. पण मार्कडाउनच्या फाइलमध्ये ते लिहू नका. कॉमनमार्क क्रमांकित यादी म्हणून फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. देवनागरी आकड्यांच्या ओळी त्याला साधा मजकूर वाटतात आणि मध्ये रिकामी ओळ नसेल तर सगळ्या पायऱ्या एका परिच्छेदात चिकटतात. इथे पँडॉकची तिरकी रेघही येत नाही, म्हणून चूक नजरेतून सुटते.

मजकुरात इंग्रजी आकडे ठेवा आणि दिसणं सीएसएसकडे, म्हणजे वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांकडे, सोपवा. यादीच्या शैलीत 'देवनागरी' हा प्रकार तयारच आहे. क, ख, ग साठी सीएसएसमधल्या काउंटर-स्टाइल या नियमाने स्वतःची अक्षरमाला द्यावी लागते. आताचे ब्राउझर ती मानतात.

दोन छोट्या गोष्टी. बुलेटच्या जागी रिकामे चौकोन आले, तर बहुधा सिंबॉल किंवा विंगडिंग्ज फॉन्टमधलं चिन्ह मजकुरात कॉपी झालेलं असतं. शोधा आणि बदला. आणि वर्डमधून 'वेब पेज, फिल्टर्ड' म्हणून साठवू नका, त्यात यादीची नोंद बहुधा गळते आणि नुसते आकडे आणि मोकळ्या जागा उरतात.

'पायरी ४ पाहा' असे उल्लेखही तपासा. ते हाताने लिहिलेले असतील, तर यादीत एक पायरी वाढली तरी जुनाच आकडा दाखवत राहतात. वर्डमध्ये क्रॉस-रेफरन्स वापरा. डिटा किंवा डॉकबुक या पुस्तिका लिहायच्या फॉरमॅटमध्ये पायरीला आयडी देऊन दुवा जोडा.

तपासणी

तयार पानं नुसती वरवर चाळून तुटलेली यादी सापडत नाही, कारण आकडे बरोबर असूनही यादी दोन तुकड्यांत असू शकते. मी तपासणीपुरती सीएसएसमध्ये एक ओळ घालतो: प्रत्येक क्रमांकित यादीभोवती लाल चौकट, प्रत्येक उपयादीभोवती निळी. मग मूळ फाइल शेजारी उघडून पान पान बघतो. बारा पायऱ्यांची कृती एकाच लाल चौकटीत हवी. दोन चौकटी दिसल्या, तर मधला स्क्रीनशॉट बाहेर पडलेला असतो. निळी चौकट असायला हवी तिथे नसेल, तर एखादी उपपायरी वर आलेली असते.

आणि जिथे चुकीच्या क्लिकने डेटा जातो, तिथे अट इंडेंटच्या भरवशावर सोडत नाही. त्या अडत दुकानाच्या पुस्तकातली पायरी आता अशी आहे: 'नवीन आर्थिक वर्ष सुरू करत असाल तरच मागील शिल्लक शून्य करा. नाहीतर ही पायरी सोडून पुढे जा.'