श्रीखंडे ग्राफ स्वतःच्या हाताने कसा मांडावा

भारतीय गणिती शरदचंद्र शंकर श्रीखंडे (1917–2020) यांचे ग्राफ थिअरी (ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे) आणि कॉम्बिनेटोरिक्स (मांडण्या व मोजणीचे गणित) यांमधील संशोधन समजून घ्यायचे असेल, तर त्यांच्या नावाचा ग्राफ एकदा तरी वही-पेन्सिल घेऊन स्वतः मांडावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यासाठी उच्च गणित लागत नाही, चिकाटी मात्र लागते.

चार बाय चारचा चौरस आखून घरांना ओळीने 1 ते 16 क्रमांक द्यावेत. पहिल्या ओळीत क ख ग घ, दुसरीत ख ग घ क, तिसरीत ग घ क ख आणि चौथीत घ क ख ग अशी अक्षरे भरावीत. प्रत्येक आडव्या व उभ्या ओळीत प्रत्येक अक्षर एकदाच येणाऱ्या अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. आता प्रत्येक घर हा ग्राफचा एक बिंदू, म्हणजे शिरोबिंदू, मानावा आणि ज्या दोन घरांची आडवी ओळ, उभी ओळ व अक्षर ही तिन्ही वेगळी असतील, तीच घरे रेषेने जोडावीत. प्रत्येक घराला 6 शेजारी मिळतात आणि एकूण रेषा 48 होतात. इतक्या रेषा कागदावर हमखास गुंततात, म्हणून चित्र काढण्याआधी शेजाऱ्यांची यादी करावी. माझ्या मते खरे काम त्या यादीतच होते. घर 1 चे शेजारी 6, 7, 10, 12, 15 आणि 16 आले पाहिजेत.

यादी झाली की कोणतीही दोन घरे घ्यावीत. ती जोडलेली असोत वा नसोत, त्यांचे सामाईक शेजारी नेमके 2 निघतात. उदाहरणार्थ, 1 आणि 6 यांचे 12 व 15, तर 1 आणि 2 यांचे 7 व 16.

यानंतर नव्या पानावर दुसरा चौरस भरावा: क ख ग घ, ख क घ ग, ग घ क ख, घ ग ख क. जोडण्याचा नियम तोच ठेवला, तर 16, 6 आणि 2 हे आकडेही तेच येतात. फरक दिसतो तो घर 1 च्या शेजाऱ्यांमध्ये. पहिल्या ग्राफात, म्हणजेच श्रीखंडे ग्राफात, ते 6-12-7-16-10-15 असा एकच षटकोन करतात. दुसऱ्यात 7-12-14 आणि 8-10-15 असे दोन सुटे त्रिकोण पडतात. घरांचे क्रमांक नव्याने लावले, तर दुसरा ग्राफ म्हणजे चार बाय चारच्या बुद्धिबळ पटावरील हत्तीच्या चालींचाच ग्राफ होय; त्यात हत्तीला एका चालीत गाठता येणारी घरे जोडलेली असतात. पट कितीही मोठा असला तरी त्या पटाचे असे आकडे हत्तीचाच ग्राफ ठरवतात, अपवाद फक्त चारच्या पटाचा, आणि तिथेही हत्तीच्या ग्राफाखेरीज श्रीखंडे ग्राफ हा एकच वेगळा ग्राफ आहे, हे श्रीखंडे यांनी 1959 मध्ये सिद्ध केले.

त्याच वर्षी त्यांनी राजचंद्र बोस आणि अर्नेस्ट पार्कर या गणितज्ञांसह स्विस गणिती ऑयलरचे 1782 चे अनुमान खोटे ठरवले. दोन लॅटिन चौरस एकमेकांवर ठेवल्यास अक्षरांची प्रत्येक जोडी एकदाच यावी, असे 6, 10, 14 या क्रमातल्या आकारांत घडणार नाही, असे ऑयलरला वाटत होते. प्रत्यक्षात 10 पासून पुढे ते सर्वत्र घडते.

आपल्या दोन चौरसांपैकी कोणाला असा जोडीदार मिळेल, हे आता ग्राफवरूनच सांगता येते. जोडीदाराचे कोणतेही एक अक्षर ज्या चार घरांवर बसते, त्यांत मूळ चौरसाचे प्रत्येक अक्षर एकदाच यायला हवे; त्यासाठी प्रत्येक आडव्या ओळीतून, वेगवेगळ्या उभ्या ओळींतून आणि वेगवेगळ्या अक्षरांची चार घरे निवडता यायला हवीत, म्हणजेच परस्परांना जोडलेले चार शिरोबिंदू हवेत. दुसऱ्या ग्राफात 1, 7, 12, 14 हे लगेच सापडतात आणि त्या चौरसाला जोडीदार आहेही; पहिल्यात शेजाऱ्यांच्या षटकोनात त्रिकोणच नाही, त्यामुळे त्याला जोडीदार मिळूच शकत नाही.