विहिरीच्या दगडात चांदी आहे का, हे घरी कसं तपासावं

जळगाव-धुळ्याकडे विहीर खोदताना काळ्या कातळात काही चमकलं, की काठावरून कुणीतरी "चांदी लागली!" म्हणतंच. सराफाकडे जाण्याआधी घरीच तपासा.

१. दगड मऊ ब्रशने, साध्या पाण्याने धुवा. हातोडा अजिबात लावू नका. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत बहुधा स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइट ही खनिजं निघतात. जळगावचे हे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, पण अखंड असतील तरच. चांदीच्या नादात ते फोडलेले पाहून जीव हळहळतो.

२. चमकणारा भाग टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. पांढरी रेघ उमटली, तर बहुधा चांदीचं खनिज नाही. हिरवट-काळी उमटली आणि चाकूने ओरखडा उठत नसेल, तर ते पिवळसर पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक. चांदी-गंधकाचं अकँथाइट मात्र चाकूने शिशासारखं कापलं जातं.

३. आता वजन. माझा खरा भरवसा यावरच. कोरडा दगड डिजिटल काट्यावर तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा दाखवेल तितके ग्रॅम म्हणजे दगडाचं घनफळ, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या वजनाला त्याने भागा, की दगडाची घनता मिळते. 280 ग्रॅमचा दगड बुडवल्यावर काटा 100 दाखवत असेल, तर उत्तर 2.8. स्टिल्बाइट 2.2 च्या आसपास, गारगोटी 2.65, पायराइट 5, अकँथाइट 7 च्या वर. कातळाचा तुकडा चिकटलेला असेल तर सरासरी येते, हे लक्षात ठेवा.

४. दगड चुलीवर किंवा भट्टीत तापवू नका. गंधक, आर्सेनिकचा विषारी धूर निघू शकतो.

चांदीची काही खनिजं तर डोळ्यांना दिसतच नाहीत. सेर्वेलाइट घ्या: टेल्युरियम आणि गंधकाचा एकेक अणू, चांदीचे चार. मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात, मोक्तेसुमाजवळच्या बाम्बोला खाणीत ते प्रथम सापडलं. नाव फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ बर्नार सेर्वेल यांचं. त्याचे कण इतके बारीक, की दगड घासून-चकाकवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, आणि खात्रीसाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून कणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र, लागतं. अशी खनिजं खोलवरून आलेल्या गरम, धातुयुक्त पाण्याने भेगांत साचवलेली असतात. आपल्याकडे लाव्हाच्या पोकळ्या भरल्या त्या सिलिका आणि कॅल्शियमने. भारतातली खाणीतली चांदी प्रामुख्याने राजस्थानच्या शिसे-जस्ताच्या खाणींतून, जोडउत्पादन म्हणून मिळते.

तरीही उत्तर 5 च्या वर आलं, तर दगड कागदात गुंडाळा, गाव, शेत आणि किती खोलीवर निघाला ते चिठ्ठीवर लिहा आणि जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवा.