जुनी शिडाची नौका खोल समुद्रासाठी तयार करताना

सोलापूरकराच्या जवळचे मोठे पाणी म्हणजे उजनीचा जलाशय. समुद्र पाहायचा तर कोल्हापूर ओलांडून रत्नागिरी गाठावी लागते. त्यामुळे मुंबई, गोवा किंवा कोचीला विक्रीस असलेली जुनी फायबरग्लासची नौका पाहायला वरचेवर फेऱ्या मारणे आपल्याला परवडत नाही. जागेवर काय पाहायचे आणि घरी आणून काय तपासायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवलेले असावे.

नौकेचे वय हा दोष मानू नये. गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्या, ३२ ते ३६ फुटी नौकाच चालतात, आणि २०२२-२३ च्या शर्यतीत भारतीय नौकानयनपटू अभिलाष टॉमी अशाच एका रस्टलर ३६ नौकेतून दुसरे आले. याउलट २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांची जी नौका उलटून डोलकाठी मोडली, ती तेव्हा नव्यानेच बांधलेली होती. प्रश्न नौका किती जुनी आहे हा नसून तिच्यातील कोणता भाग किती थकला आहे हा असतो.

पाहणी नौका पाण्याबाहेर काढलेली असतानाच करावी. प्लॅस्टिकच्या हातोडीने डेकवर हातभर अंतराने ठोकत जावे. खणखणीत आवाज येतो तिथे डेक ठीक असते. आवाज बद्द झाला, तर आतील बाल्सा लाकडात पाणी मुरून ते कुजले असण्याची दाट शक्यता असते. अशी जागा थाळीएवढी असेल तर दुरुस्ती आटोक्यातली आहे, पण अर्धे डेक बद्द बोलत असेल तर सौदा सोडून द्यावा. तळावरचे बारीक फोड पाहून मात्र घाबरू नये. ते वेळखाऊ असतात, सहसा घातक नसतात. त्यापेक्षा कील, म्हणजे नौकेला स्थिर ठेवणारा तळाखालचा जड भाग, जिथे तळाला जोडलेली असते त्या सांध्याची पुढची बाजू निरखून पाहावी. तिथे आडवी भेग असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा नौका कधीतरी खडकावर आदळली आहे, असा संशय घ्यावा. सुकाणू दोन्ही हातांनी हलवून बघावे आणि नौका बाहेर काढून काही दिवस झाल्यावरही त्यातून पाणी ठिबकत असेल, तर आतील पोलादी सांगाडा गंजत असल्याचे धरून चालावे.

सर्वांत जास्त वेळ चेनप्लेटना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या स्टेनलेस स्टीलच्या असल्या तरी डेकमधून खाली उतरणारा त्यांचा भाग सतत ओला आणि हवेपासून बंद राहतो. अशा ठिकाणी स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकत नाही आणि वरून चकचकीत दिसणारी पट्टी आतून तडकते. सौदा झाल्यावर या पट्ट्या काढून पिशवीत घालून सरळ सोलापूरला आणाव्यात. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची कामे करणारे फॅब्रिकेटर कमी नाहीत आणि डीपी टेस्ट, म्हणजे रंग मुरवून धातूतील बारीक तडे शोधण्याची चाचणी, त्यांना नवी नाही. पट्टी स्वच्छ करून लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. बोल्टच्या भोकापाशी केसासारखी लाल रेघ उमटली, तर ती पट्टी भंगारात टाकावी. वेल्डिंग करून पुन्हा वापरण्याचा मोह नको. तारांचे वय दहा-पंधरा वर्षांपलीकडे गेले असेल किंवा ते सांगताच येत नसेल, तर त्या सरसकट बदलाव्यात. शिडेही घरी आणून गच्चीवर पसरावीत. शिवणीवर नखाने ओरखडल्यावर दोरा तुटत असेल, तर कापड चांगले असूनही सगळी शिवण उन्हाने गेली आहे.

तळातून आरपार जाणाऱ्या नळांना साध्या पितळी व्हॉल्व्ह असतील तर त्या काढून कांस्याच्या बसवाव्यात, कारण खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त झिजून धातू ठिसूळ होतो. प्रत्येक नळाशेजारी त्याच मापाची लाकडी गुडदी बांधून ठेवावी.

१९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनजवळच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीतील वादळात १५ खलाशी मृत्युमुखी पडले. खलाशांनी सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी ५ बुडाल्या, बाकीच्या तरंगत्या सापडल्या. केबिनच्या दारातील फळ्या निसटून पाणी आत शिरण्याचा धोका तेव्हा ठळकपणे पुढे आला; म्हणून या फळ्यांना आतून-बाहेरून दोन्हीकडून चालणारी कडी बसवणे हे अगदी स्वस्त आणि पहिल्या आठवड्यातले काम आहे.

इंजिन सुरू होते एवढ्यावर समाधान मानू नये. डिझेलच्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ खवळलेल्या समुद्रात ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबवतो, म्हणून टाकी उघडून साफ करावी व दोन फिल्टर समांतर बसवावेत. ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसूचक बीकन आणि मुदतीत तपासलेला लाइफराफ्ट (जीवरक्षक तराफा) यांत काटकसर नको. प्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारे यंत्र), रडार आणि मोठ्या पडद्याची हौस मात्र शेवटी. खरेदीच्या किमतीइतकी रक्कम दुरुस्तीसाठी शिल्लक नसेल तर खरेदीच पुढच्या वर्षावर ढकलावी.

एपॉक्सी राळेची कामे पावसाळ्यात किनाऱ्यावर नीट होत नाहीत, तेव्हा ती ऑक्टोबरनंतरच काढावीत. सगळे झाल्यावर थेट लक्षद्वीपचा बेत न करता आधी मुंबई ते गोवा हा सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचा प्रवास रात्रीच्या पाळ्या लावून करावा, वाटेत वादळी शीड एकदा तरी चढवून पाहावे आणि जे जे गळले, अडकले किंवा सैल झाले ते वहीत टिपून गोव्यातच दुरुस्त करून घ्यावे.