मेन्डोसा ते सँटियागो: बस घ्यावी की विमान?

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जळगावहून मुंबई गाठणाऱ्या आपल्या खान्देशी माणसाला अर्जेंटिनातील मेन्डोसा ते चिलीतील सँटियागो हे सुमारे ३६० किलोमीटरचे अंतर किरकोळ वाटेल; परंतु मध्ये अँडीज पर्वत आणि सीमेवरची तपासणी असल्याने बसला सात-आठ तास सहज लागतात, तर विमान तासाभरात पोहोचते. जून ते ऑगस्ट हा तिथला ऐन हिवाळा असून बर्फामुळे घाट कधीकधी दिवसेंदिवस बंद राहतो, म्हणून पुढचे विमान ठरलेले असल्यास बसचा धोका पत्करू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत मात्र दिवसाचीच बस घ्यावी आणि उजव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी, कारण हवा स्वच्छ असल्यास ६,९६१ मीटर उंचीचे अकोन्काग्वा शिखर त्याच बाजूला दिसते. सोबतची केळी सीमेपूर्वीच संपवावीत. बिबड्या आणि मसाले तपासणीच्या अर्जात नोंदवावेत.