कमी बजेटमध्ये आरामदायी जुनी गाडी कशी बघायची

सेकंडहँड गाडी म्हटलं की सगळे आधी अ‍ॅव्हरेज विचारतात, पण कंबर जपायची असेल तर टायर आणि सस्पेन्शन बघा. टॉप मॉडेलच्या मागे उगाच लागू नका, मारुती सियाझचंच बघा ना, खालच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५ टायर आणि टॉपला १९५/५५ आर१६ (मधला आकडा म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची), मोठी अलॉय चाकं दिसायला भारी पण टायरच्या कडेची उंची कमी झाली की खड्डा थेट कमरेत बसतो. रस्ते फारच बेकार असतील तर जुनी रेनॉ डस्टर, खड्ड्यात मस्त चालते, फक्त ते मॉडेल २०२२ ला बंद झालंय तेव्हा पार्ट्सचं आधी विचारून घ्या.

ट्रायलला काचा वर, एसी-म्युझिक बंद, आणि स्पीडब्रेकरवरून हळू न्या. टकटक आली तर लिंक रॉड किंवा बुश (सस्पेन्शनचे छोटे पार्ट) असेल, ते स्वस्तात होतं, पण ब्रेकरनंतर गाडी डुलतच राहिली तर शॉकअप गेलेत, तेवढे पैसे कमी करून मागायचे (डीलर "टायर बदलला की आवाज जाईल" म्हणेल, हसून सोडून द्या). टायरवर २३१९ असं काही दिसलं तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यातला, म्हणजे कडक झालेला. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना तेही बघा.