कॉम्प्लेक्सवालं सोल्यूशन डायल्यूट केलं की फ्री आयन किती?

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मी सी१व्ही१ = सी२व्ही२ (कॉन्सन्ट्रेशन गुणिले व्हॉल्यूम, डायल्यूशनच्या आधी आणि नंतर सारखंच) दिसेल तिथे लावायचो, साध्या डायल्यूशनला ते चाललं, मग कॉम्प्लेक्सची (धातूच्या आयनला अमोनियासारखे रेणू चिकटून बनतो तो; न चिकटता मोकळा उरतो तो फ्री आयन) गणितं आली आणि उत्तरं चुकायला लागली. नेमकं कुठे चुकतंय ते मला एका गणितात कळलं, तेच सांगतो.

१० मिली ०.०२० मोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये १० मिली २.० मोलर अमोनिया टाकला. आधी दोन्ही कॉन्सन्ट्रेशन अर्धी करून घ्या, कारण व्हॉल्यूम २० मिली झालाय, रिॲक्शनचं नंतर बघू. म्हणजे सिल्व्हर ०.०१०, अमोनिया १.०. (हे राहून गेलं की फ्री सिल्व्हर निम्मंच येतं, माझं कितीदा तरी आलंय.) आता एका सिल्व्हरला दोन अमोनिया लागतात आणि फॉर्मेशन कॉन्स्टंट (म्हणजे कॉम्प्लेक्स ÷ (फ्री सिल्व्हर × अमोनियाचा वर्ग), सगळी कॉन्सन्ट्रेशन) आहे साधारण १.७ × १०^७, एवढा मोठा, म्हणून सगळं सिल्व्हर कॉम्प्लेक्समध्ये गेलं असंच धरायचं, त्यात ०.०२० अमोनिया खर्च, उरला ०.९८. मग

फ्री सिल्व्हर = ०.०१० ÷ (१.७ × १०^७ × ०.९८ × ०.९८) = ६.१ × १०^-१० मोलर

आता हेच सोल्यूशन पाणी घालून दहापट डायल्यूट करा. फ्री सिल्व्हर किती? मी बिनधास्त ६.१ × १०^-११ लिहिलं होतं. खरं उत्तर ६.१ × १०^-९, म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी दहापट वाढलं! वरचंच सूत्र परत बघा, वर कॉम्प्लेक्स दहापट कमी झाला पण खाली अमोनियाचा वर्ग आहे, तो शंभरपट कमी झाला. थोडासा कॉम्प्लेक्स सुटतो आणि सिल्व्हर मोकळं होतं. सी१व्ही१ टोटल सिल्व्हरला लागू, टोटल अमोनियाला लागू, फ्री आयनला नाही. हे कळल्यावर मी वहीत टोटल आणि फ्री असे दोन वेगळे कॉलम करायला लागलो, तुम्हीपण करा, खरंच खूप फरक पडतो.

प्रॅक्टिकलला हे केलंत तर सोल्यूशन बाटलीत साठवून ठेवू नका हं, अमोनिया घातलेल्या सिल्व्हरमधून स्फोटक गाळ बनू शकतो.

आणि शेवटी आलेलं फ्री सिल्व्हर टोटलशी ताडून बघा. इथे डायल्यूशननंतरच्या टोटल ०.००१० पुढे ६.१ × १०^-९ काहीच नाही, म्हणून "सगळं कॉम्प्लेक्समध्ये गेलं" हे धरणं चालतं. अजून खूप डायल्यूट केलं आणि अमोनिया मिलिमोलरच्या आसपास आला की एकच अमोनिया लागलेला कॉम्प्लेक्सपण मोजावा लागतो, तिथे स्टेपवाइज कॉन्स्टंट (एकेक अमोनिया लागण्याचा वेगवेगळा) घेऊन पूर्ण मास बॅलन्स (सगळ्या रूपांतल्या सिल्व्हरची बेरीज = टोटल) लिहायचा.