ऑपरेशन झालेल्या मांजराच्या ट्रेमध्ये काय घालावं

नसबंदीच्या ऑपरेशननंतर डॉक्टर औषधं लिहून देतात, जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर अडकवतात, १० ते १४ दिवसांनी टाके काढायला बोलावतात. लिटरचा, म्हणजे शू-शीच्या ट्रेमध्ये जे घालतो त्याचा, विषय बहुतेक वेळा निघतच नाही. मग ओळखीपाळखीचे सल्ले सुरू होतात. वाळू धुऊन घाला, वखारीतून भुसा आणा, तांदूळ पसरा. आमच्या घरात सात मांजरांची ऑपरेशनं निस्तरून झाली आहेत, त्यामुळे हे सगळं ऐकलं की आता माझं डोकं फिरतं.

नेहमीचं लिटर उचला. गोळे होणारं लिटर म्हणजे बहुधा बेंटोनाइट, एक प्रकारची माती. पाणी लागलं की ती फुगते आणि चिकट होते. शूच्या बाबतीत हेच आपल्याला हवं असतं. पण जखमेतून पाझरणारी लसही ओलीच असते आणि तिथेही ही माती तशीच चिकटते. त्यात उकरताना उडणारी धूळ. ‘बोक्याचं काय, किरकोळ ऑपरेशन’ असं म्हणणाऱ्यांना सांगते, भाटीला टाके तरी असतात. बोक्याचा छेद बहुतेक डॉक्टर टाके न घालता आपोआप भरायला सोडतात आणि बोका नेमका त्यावरच टेकून बसतो.

वाळू चिकटते, भुसा तर विचारूच नका. लाकडाच्या गोळ्या ओल्या झाल्या की त्यांचाही भुसाच होतो. सिलिकाचे खडे काही मांजरांच्या पायाला टोचतात. तांदळाला पावसाळ्यात पोरकिडे होतात, शिवाय खायचं धान्य ट्रेमध्ये ओतायला माझा हात धजत नाही.

कागद वापरा. कागदाच्या तयार गोळ्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर रद्दीतलं वर्तमानपत्र. बोटभर रुंदीच्या पट्ट्या हाताने फाडा आणि दोन इंचांचा थर द्या. पुरवणीचा गुळगुळीत कागद घेऊ नका, त्यात काही शोषलं जात नाही. कागद कापायच्या यंत्रातून निघालेला शेवयांसारखा चुराही नको, तो पायात आणि टाक्यांत अडकतो. वरचा थर कोऱ्या पांढऱ्या कागदाचा ठेवला तर शूमध्ये रक्त आहे का ते लगेच दिसतं. छापील मजकुरावर ते कळत नाही.

इथपर्यंतचं कुणालाही जमेल. खरी अडचण मांजराला त्या कागदावर बसवण्याची आहे आणि तिथेच मी पहिल्यांदा सपशेल हरले होते.

चिंगीला दवाखान्यातून आणलं तेव्हा मी मोठ्या हौसेने ट्रे कागदाने भरून ठेवला होता. ती आत गेली, वास घेतला, बाहेर आली. रात्रभर काही नाही. मी समजले भूल उतरतेय, दुखत असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आईच्या गोधडीवर तळं केलं. जुन्या लिटरचा ट्रे समोर ठेवला तर पाच मिनिटांत पुन्हा जाऊन बसली. म्हणजे दुखणं वगैरे नव्हतं, तिला ती जागा आपली वाटतच नव्हती. पायाखाली काय लागतं आणि वास कसा येतो, यावरून मांजर जागा ओळखतं. अंगाला दवाखान्याचा वास, गळ्यात कॉलर, आणि त्यात मी तिची एकुलती ओळखीची जागाही बदलून ठेवली होती.

म्हणून कागदाची सवय ऑपरेशनच्या आधी लावायची. निदान सहा-सात दिवस हातात हवेत. पहिल्या दिवशी जुन्या लिटरवर मूठभर पट्ट्या टाका. दर एक-दोन दिवसांनी पट्ट्या वाढवा, लिटर कमी करा. आदल्या दिवशी ट्रेमध्ये फक्त कागद उरला पाहिजे. ट्रेची जागा हलवू नका.

ऑपरेशन होऊन गेलंय आणि हे आत्ता वाचताय? मग जुन्या लिटरमधला शूचा एक गोळा ट्रेच्या तळाशी ठेवा, त्यावर अखंड कागद अंथरा, वर पट्ट्या. वास येतो, दाणे अंगाला लागत नाहीत. चिंगीनंतरच्या दोन मांजरांना मी असंच वळवलं. एवढं करूनही नकारच असेल तर हट्ट धरू नका. टोफूच्या (म्हणजे सोयाबीनच्या चोथ्याच्या) जाड कांड्यांचं लिटर घाला आणि प्रत्येक वेळी जखमेला काही चिकटलंय का पाहा. ते माझ्या पसंतीचं नाही, कारण त्याचेही गोळे होतात, पण शू तुंबवून बसलेलं मांजर त्याहून वाईट.

शी दोन दिवस झाली नाही तर घाबरू नका, उपाशीपोटी भूल दिल्यावर असं होतं. शू मात्र २४ तासांत झाली नाही तर डॉक्टरांना फोन करा. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि थेंबच येतायत, असं दिसलं तर फोनवर बोलत बसू नका. त्याला उचला आणि दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

ट्रेचा काठ दोन-तीन इंचांपेक्षा उंच नको, झाकण असेल तर काढा. पुठ्ठ्याचं खोकं कापून आत प्लास्टिक अंथरलं तरी चालतं. कॉलर काठाला अडकते, तिच्यात कागद भरतो, घरभर पट्ट्या होतात. होऊ द्या. ‘शूपुरती काढते’ म्हणून कॉलर काढलीत की मांजर पहिलं जखमेलाच जीभ लावतं.

कागद वास धरून ठेवत नाही, म्हणून शू झाली की लगेच बदला. ट्रे भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवा. फिनेल नको, आणि पाण्यात दुधाळ होणारी जंतुनाशकंही नकोत. फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि ट्रेमधून बाहेर आलं की ते पंजे चाटतंच.

टाके निघाले, जखम कोरडी आणि बंद दिसली की आठवडाभरात त्याच चालीने, उलट्या क्रमाने, जुन्या लिटरवर या. बोक्याला टाके नसतात, त्यामुळे त्याची तारीख डॉक्टरांनाच विचारा.